होंगेहळ्ळीची शाळा

त्या वर्षीच्या आषाढात वारा पिसाळला होता. पाऊस म्हणावा तर चार शिंतोडे. वारा मात्र असा की तळ्याच्या बांधावरून चालणारी बाई डोक्यावरच्या भाऱ्यासकट फरफटत जावी. बेळ्ळंदूरच्या तळ्याच्या वरल्या अंगाला होंगेहळ्ळी हे गाव. पहाटे फुलांची टोपली घेऊन निघालेली बाई उन्हं चढायच्या आत बेंगळूरच्या पेटेत पोचायची, एवढंच काय ते शहराशी नातं. एका रविवारी त्या वाऱ्यानं गावच्या शाळेचं छप्पर उचललं आणि आतल्या चौकात आणून आपटलं. वार सोमवार असता तर घराघरात रडारड झाली असती.

शाळा महाराजांच्या आज्याच्या वेळची. घडीव दगडाच्या भिंती, सागवानी खांब, समोर ऐसपैस पडवी. तळ्याकाठच्या साऱ्या गावांची पोरं तिथं शिकून गेलेली. कुणी अमलदार झाला, कुणी डॉक्टर. म्हातारी माणसं त्यांची नावं पोथी वाचल्यासारखी घेत. पण छप्पर पडलं तेव्हा त्या अमलदार-डॉक्टरांपैकी कुणी फिरकलं नाही. सरकारचा माणूस आला, भिंतीवर काठी आपटून बघितली, आणि दुरुस्ती आपल्या हातात नाही असं सांगून गेला. पोरं मारुतीच्या देवळात बसायला लागली. हळूहळू निम्मी गुरांमागं गेली.

ज्योतिबाची नीला मात्र जात राहिली. शाळेत एकटी पोरगी उरली तरी जात राहिली. देवळात माणसं नारळ फोडायची, घंटा वाजवायची, आणि त्या गलबल्यात ही खांबाला टेकून पाटीवर गणित सोडवायची. तिची आई ठकुबाई मळ्यातून येता-जाता तिच्याकडं बघायची आणि पुढं व्हायची. लेकीचं कौतुक तोंडावर करू नये, दृष्ट लागते, अशी तिची समजूत होती.

ही माणसं मराठ्यांची. किती पिढ्यांमागं या मुलखात आली ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. घरात मराठी बोलत, दारात कन्नड, आणि दोन्हीत दोन्ही मिसळत. शाळेच्या भिंतीला लागून ज्योतिबाचा फुलांचा मळा होता. एका अंगाला शेवंती, एका अंगाला अबोली, मधे विहीर. पहाटे फुलं खुडायची, दुपारी गजरे ओवायचे. ठकुबाईच्या बोटांना झोपेतही ओवायची चाळवाचाळव असायची.

याच ओवण्यावर तिनं आपल्या दिराला शिकवलं होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा सासू-सासरे पटकीत गेलेले आणि उमाजी एवढंसं पोर, नाक पुसायचं न कळणारं. तिनं त्याला न्हाऊ घातलं, भरवलं, आजारात मांडीवर घेऊन बसली. ज्योतिबानं त्याला खांद्यावर बसवून याच शाळेत नेऊन सोडलं. पोरगं हुशार निघालं, शहरात जाऊन मॅट्रिक झालं आणि कौलांच्या एका मोठ्या कारखान्यात हपिसात लागलं. तिथं त्याचं नाव उमाकांत राव झालं. घरात तो उमाच होता.

सुगीच्या तोंडावर तो सायकल मारत आला. पडवीत घोंगडी टाकली, नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा, मुद्दा, आणि हुलग्याचं सार पुढं आलं, तसं हात धुता धुता म्हणाला, "अण्णा, शाळा पुन्ना उभी राहातीया."

"कोन उभारतंय?" ज्योतिबानं विचारलं.

"आमचे धनी. त्यांनी मोठी संस्था काढलीया. सरकारशी बोलणं झालंय. जुन्या नावाजलेल्या शाळा हाईत न्हवं, त्या पडू द्यायच्या न्हाईत. सरकार जागा आन इमारत देनार. धनी कौलं, सिमीट, सागवान देनार. मास्तर चांगले आननार, पार मद्रासेवरनं. पूर्वीचं नाव पुन्ना मिळवायचं."

"आन गावानं?"

"गावानं हात द्यायचे. श्रमदान. सगळीकडं चाललंय आता तसं."

ठकुबाई चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "आपली पोरं बसतील न्हवं तितं?"

उमाकांत हसला. "वैनी, मग कुनाची बसतील? गावची शाळा, गावची पोरं. नीला पहिल्या बाकावर. मी हाय की सेक्रेटरी."

नीला दाराआड उभी होती. "चिकप्पा, खरंच?" म्हणत ती बाहेर आली, आणि काकानं तिची वेणी ओढली.

दोन दिवसांनी देवळापुढं गाव जमलं. पारावर गावचा वडीलधारा रघुजी बसला. उमाकांतनं सगळं पुन्हा सांगितलं, कन्नडमध्ये सांगितलं, मराठीत सांगितलं. तानूबाई म्हणून शेजारीण होती, तोंडाची फटकळ. ती उठून म्हणाली, "माझी दोनी पोरं घेनार का त्यात? आत्ताच सांग बाबा, मागनं नगं."

"दोनीच का, पाळन्यात असंल ते पन घेऊ!" उमाकांत म्हणाला. सगळे हसले. कुणाला शंका घ्यावीशी वाटली नाही. आपल्या मांडीवर वाढलेल्या पोरावर शंका घ्यायची तर मग विश्वास ठेवायचा कुणावर?

मग मळ्याचा विषय निघाला. तो चारचौघांत नव्हे, घरात निघाला. शाळेला पटांगण पाहिजे, विहीर पाहिजे, मास्तरांना राहायला जागा पाहिजे. शाळेच्या तिन्ही बाजूंना दगड. माती होती ती ज्योतिबाच्या मळ्यात.

"वरचं कोरडवाहू रान ऱ्हातंय की तुम्हाला," उमाकांत म्हणाला. "आन अण्णाला शाळेत माळ्याचं काम देऊ. कायमचं. उन्हापावसाची कटकट न्हाई."

ठकुबाई उठून मळ्यात गेली आणि शेवंतीच्या वाफ्यात उगाचच तण काढत बसली. तण नव्हतंच तिथं. थोड्या वेळानं ज्योतिबा येऊन बांधावर टेकला. तो तसा मुखदुर्बळ माणूस. बैलाशीसुद्धा हळू बोलायचा.

"तुझ्या मनात न्हाई तर नगं," तो म्हणाला.

"माझ्या मनाचं काय?" ती म्हणाली. "माझी आई पाटी डोक्यावर घिऊन मेली. मी बी तशीच मरनार. हिच्या डोक्यावर नगं पाटी." आणि हातातली माती झटकून म्हणाली, "देऊन टाका."

मळा शाळेला गेला.

सुगी आटपली तसं काम लागलं. कारखान्याच्या लॉऱ्या कौलं आणून टाकायच्या, बाकी सगळं गावाच्या अंगावर. पडलेल्या भिंतीचे दगड सारायचे, नवे फोडायचे, वाहायचे. जुन्या भिंतीला सिमेंट धरेना, तेव्हा चुन्याची घाणी मांडली. बैल गोल फिरे, दगडी चाक चुना मळे, आणि बाया त्यात गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी ओतत. चुना बोटांच्या पेरांत शिरला की कातडी सोलून निघे. ठकुबाईच्या बोटांना भोकं पडली. रात्री एरंडेल चोळायची, सकाळी पुन्हा पाटी. जेवताना कालवणाचं तिखट जखमेत जाई, तेव्हा नीला तिला घास भरवी.

"अव्वा, माझ्या वर्गाची भिंत कुठली गं?" नीला विचारी.

"मला काय ठावं? सगळ्या तुझ्याच," ठकुबाई म्हणे.

एकदा धनीणबाई काम बघायला आल्या. काळी मोटार होंग्याच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली थांबली. बाई वाईट नव्हत्या. हसून बोलत होत्या, बायांच्या डोक्यावरचं ओझं बघून 'पाप, पाप', बिचाऱ्या गं, म्हणत होत्या. उमाकांत छत्री धरून शेजारून चालला होता. ठकुबाई दगडाची पाटी घेऊन समोरून आली. दीर दिसला म्हणून ती हसली. चुन्यानं माखलेलं तोंड, वर खोचलेलं लुगडं. धनीणबाईंनी तिच्याकडं बोट करून विचारलं, "ही कोण? तुम्हाला ओळखते वाटतं."

उमाकांत म्हणाला, "गावातली आहे एक. चांगली कामाची आहे."

ठकुबाईला कन्नड चांगलं कळत होतं. ती पाटी घेऊन पुढं गेली, रिकामी करून परत आली, पुन्हा भरून घेतली. संध्याकाळी तिनं ही गोष्ट नवऱ्याला सांगितली नाही. लाजला असेल, तिनं मनाची समजूत घातली. मोठ्या लोकांपुढं माणूस लाजतो.

छपराचा मोभ, मधली तुळई, चढवायच्या दिवशी ज्योतिबा पडला. सागाचं ते धूड दोरानं वर ओढत होते. परांचीवर ज्योतिबा धरून चौघं उभे. दोर सुटला. मोभ खाली उभ्या माणसांवर येणार, म्हणून ज्योतिबानं खांदा लावला. तेवढ्या वेळात खालची माणसं बाजूला झाली आणि तो मात्र परांचीसकट खाली आला. मांडीचं हाड मोडलं. ओरडलासुद्धा नाही. नुसता श्वास ओढत राहिला, भात्यासारखा.

मोटार त्या दिवशीही झाडाखाली उभी होती. उमाकांत धावत आला. भावाचं डोकं मांडीवर घेतलं, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हे ठकुबाईनं पाहिलं. "उमा, मोटारीतनं नेऊ या. मोठ्या दवाखान्यात," ती म्हणाली.

त्यानं मोटारीकडं पाहिलं. ड्रायव्हर फडक्यानं काच पुसत होता. "वैनी, धनी आत हिशेब बघायला बसलेत," तो हळूच म्हणाला. "अन्... गादी नवी आहे. रक्त लागंल. आपण गाडी जुंपू, सरी, चालंल न्हवं?"

बैलगाडीत गवत घालून ज्योतिबाला नेलं. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला तो दातांत पटका धरायचा. पुत्तूरकडच्या हाडवैद्यानं पट्टी बांधली. हाड जुळलं, पण पाय आखूड झाला. उन्हाळाभर तो पडवीत पडून होता. ठकुबाई दिवसा शाळेच्या कामावर जायची, संध्याकाळी दुसऱ्यांची फुलं ओवायची. कोरडवाहू रानाला कुणी हात लावला नाही. ते तसंच पडलं.

छप्पर चढलं. तांबडी कौलं उन्हात चकाकली. शाळा अशी दिसायला लागली की तळ्यापलीकडचे लोक बघायला येऊ लागले. उद्घाटनाला मंत्री आले. कमानीला शेवंतीच्या माळा होत्या. शहरातून विकत आणलेल्या. व्यासपीठापुढं खुर्च्या होत्या, खुर्च्यांमागं दोर बांधला होता, आणि दोरामागं गाव होतं. भाषणं इंग्रजीतून झाली. मधूनमधून 'श्रमदान' असा शब्द ऐकू येई, तेव्हा गावातली माणसं टाळ्या वाजवत. ज्योतिबा काठीवर रेलून उभा होता. "उमानं कोट घातलाय बघ," तो बायकोला म्हणाला. त्याच्या आवाजातला आनंद ऐकून ठकुबाईनंही मान हलवली.

प्रवेशाच्या दिवशी तिनं नीलाला नवा परकर नेसवला. केसांना तेल लावून दोन वेण्या घातल्या. गावातली सगळी पोरं न्हाऊन-माखून पडवीत बसली होती. त्यांच्यापलीकडं बाकांवर दुसरी पोरं होती. बूट घातलेली, आपापल्या मोटारीतून आणि टांग्यांतून आलेली. कारखान्यांतल्या साहेबांची, शहरातल्या वकिलांची. ठकुबाईला वाटलं, बरं झालं, चार मोठ्यांच्या पोरांबरोबर आपली बसतील.

आत टेबलापाशी मद्रासचे नवे हेडमास्तर होते, एक बाई होत्या आणि कडेला उमाकांत. नीला आत गेली. दार उघडंच होतं. बाईंनी इंग्रजीत काही विचारलं. नीलानं काकाकडं पाहिलं. बाईंनी एक चित्र दाखवलं, पुन्हा विचारलं. चित्रात आगबोट होती. नीलानं कन्नडमध्ये सांगितलं, आगबोट, आणि ती वाफेवर कशी चालते तेही सांगू लागली. बाईंनी हात वर करून तिला थांबवलं, हेडमास्तरांकडं पाहून मान हलवली.

"वडील काय करतात?" हेडमास्तरांनी विचारलं. नीला बोलायच्या आत उमाकांत इंग्रजीत काहीतरी बोलला. खाली बघून बोलला.

दुपारी शिपायानं नावं वाचली. बूट घातलेल्या पोरांची वाचली. गावातलं एकच नाव आलं, रघुजीच्या नातवाचं. बाकीच्यांना शिपायानं सांगितलं, की ही शाळा आता इंग्रजीची आहे, परीक्षा होते, तुमच्यासाठी मागच्या शेडात वर्ग भरेल. मागच्या शेडात चुना कालवलेला होता. तिथं अजून पिंपं पडली होती.

"त्या शेडात बैल बांधत होतो आपन," तानूबाई म्हणाली. कुणी हसलं नाही.

नीला रडली नाही. घरी येऊन तिनं परकर काढून घडी घातला. "अव्वा, मला येत होतं," एवढंच म्हणाली. "मला सगळं येत होतं."

ठकुबाई तशीच उठली आणि दिराकडं गेली. विहिरीपाशी, जिथं अबोलीचे वाफे होते तिथं, सेक्रेटरीला राहायला नवं घर बांधलं होतं. दारात उमाकांतचा लहानगा बूट घालून मिरवत होता. आतून त्याची बायको सुलभा त्याला इंग्रजीत आकडे म्हणायला लावत होती. ठकुबाई पायरीखाली थांबली.

"तुला पयल्यापास्नं ठावं हुतं?" तिनं विचारलं.

उमाकांतनं तिला आत बोलावलं. ती गेली नाही. मग तोच खाली आला.

"वैनी, ऐका. चांगली शाळा करायची तर मुलं निवडून घ्यावी लागतात. जुनं नाव कशामुळं होतं? निवडक मुलांमुळं. धनी पैसा घालतात ते काय गुराख्यांसाठी?"

"तू गुराखीच हुतास."

त्यानं विहिरीकडं पाहिलं. मग म्हणाला, "हो, ठाऊक होतं. सांगितलं असतं तर एक तरी माणूस दगडाला हात लावायला आलं असतं का? शाळा उभी राहिली नसती. ती वाऱ्यातच पडून राहिली असती, तर काय मिळालं असतं कुणाला? आता निदान उभी आहे."

"उभी हाय," ठकुबाई म्हणाली. "माझ्या मळ्यात हाय."

"नीलाला शेडात बसू द्या यंदा. पुढच्या वर्षी बघतो मी. आणि अण्णाचं माळ्याचं काम... पाय असा झालाय, धनी नको म्हणतात. पण तुम्हाला झाडलोटीचं काम देता येईल. मी शब्द टाकलाय."

तो अजिजीनं बोलत होता. तेच तिला सहन होईना. तो उर्मट बोलला असता तर तिनं दोन शिव्या दिल्या असत्या. ती माघारी वळली.

गावात चार दिवस नुसती धुसफूस झाली. पुरुष रघुजीकडं गेले. रघुजीला खोकला आला. त्याचा नातू आत होता. मग ठकुबाई आणि तानूबाई घरोघर फिरल्या. शाळाखात्याचे साहेब तपासणीला येणार हे कळलं, तसं त्या दिवशी गावातल्या बाया रिकाम्या पाट्या घेऊन रस्त्यात बसल्या. जीप आली. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. कुणी हललं नाही.

साहेब वयस्कर होते, चष्मेवाले. चिडले नाहीत. खाली उतरले, होंग्याच्या सावलीत दगडावर बसले आणि म्हणाले, "एकेकानं बोला. एकदम नको."

ठकुबाई बोलली. उभ्या आयुष्यात ती कधी चारचौघांत बोलली नव्हती. आवाज फुटेना, मग फुटला तो थांबेना. मळा दिला ते सांगितलं, चुन्यानं हात गेले ते दाखवलं, नवऱ्याचा पाय दाखवला. साहेब ऐकत राहिले. मग म्हणाले, "अम्मा, संस्थेशी सरकारचा करार आहे. त्यात गावच्या मुलांचा उल्लेख नाही. पण संस्थेच्या माणसानं गावाला तसं वचन देऊन काम करून घेतलं असेल, तर मी इथंच हुकूम काढतो. अर्ध्या जागा गावाला राखून ठेवायला लावतो. वचन कुणी दिलं?"

"त्यांनी," तानूबाईनं बोट दाखवलं.

उमाकांत जीपच्या मागं उभा होता. साहेबांनी त्याला पुढं बोलावलं. "राव, तुम्ही असं बोललात?"

सगळं गाव बघत होतं. उमाकांतनं कोटाची गुंडी चाचपली. "नाही सर. शाळा होणार, असं बोललो. प्रवेश देऊ, असं बोललो नाही."

बायांत एकच कालवा झाला. साहेबांनी हात वर केला. "ओरडून काही सिद्ध होत नाही. गावकरी एक म्हणतात, हे एक म्हणतात. ज्यानं जमीन दिली तो माणूस कुठं आहे?"

ज्योतिबा काठी टेकत पुढं आला. ठकुबाईला हायसं वाटलं. हा माणूस उभ्या जन्मात खोटं बोललेला नव्हता.

"तुम्ही यांचे थोरले भाऊ ना?" साहेब म्हणाले. "तुमच्या घरात बोलणं झालं. तुम्ही सांगाल ते मी खरं धरतो. मुलांना घेऊ, असं हे म्हणाले होते का?"

ज्योतिबानं भावाकडं पाहिलं. उमाकांतचा खालचा ओठ थरथरत होता. झाडावर कावळे बोलत होते.

"न्हाई साहेब," ज्योतिबा म्हणाला. "तो तसं बोल्ला न्हवता. आमीच ऐकन्यात चुकलो."

तानूबाईनं हातातली पाटी दगडावर फेकली. साहेबांनी ठकुबाईकडं पाहिलं आणि चष्मा पुसत उठले. जीप गेली. मागोमाग उमाकांत गेला, कुणाकडंही न बघता, पळाल्यासारखा.

ठकुबाई घरी आली. पीठ घेऊन मुद्दा घाटायला बसली. हात चालत होते, पण चुलीतली लाकडं विझल्याचं तिला कळलं नाही. ज्योतिबा उंबऱ्यावर येऊन बसला.

"त्याची नोकरी गेली असती," तो म्हणाला.

ती घाटतच राहिली.

"बायको-पोर रस्त्यावर आलं असतं. म्या त्याला खांद्यावर वागवलाय, ठके. त्याला असं चारचौघांत... माझा भाऊ हाय त्यो."

"आन ही कोन हाय?" ठकुबाईनं विचारलं. नीला कोपऱ्यात बसली होती.

ज्योतिबानं आखूड पाय दोन्ही हातांनी उचलून सरळ केला. "पोरीचं काय," तो थकून म्हणाला, "पोरीची जात. आज न्हाई उद्या दुसऱ्याच्या घरी..." आणि थांबला. बोललो ते काय बोललो, हे त्याच्या ध्यानात आलं. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि नीलानं मान वर करून बापाकडं बघितलं होतं.

उमानं फसवलं ते ठकुबाईनं पचवलं असतं. परकी हवा लागली, माणूस बिघडला, असं म्हणता आलं असतं. पण ज्याच्या मोडक्या मांडीला तिनं उन्हाळाभर तेल चोळलं, तो शुद्धीवर असताना, दिवसाढवळ्या, लेकीच्या तोंडचा घास उचलून भावाच्या पानात वाढून आला होता. आणि तो वाईट माणूस नव्हता. हे समजून घ्यायला तिला जागा सापडेना.

तिनं नवऱ्याला जेवायला वाढलं. दुसऱ्या दिवशी भांडीकुंडी घासून ठेवली, नाचणी दळून डब्यात भरली, फाटकं घोंगडं शिवलं. तानूबाईला दोन वेळचं बघायला सांगितलं. तिचा भाऊ संताजी शहरातल्या बळेपेटेत शिंपीकाम करायचा. त्याच्या गल्लीत मुलींची सरकारी शाळा होती. अंधारी, माडीवरची, पण कन्नड शिकवणारी. फुलं ओवणाऱ्या बाईला पेटेत उपाशी मरायची भीती नव्हती.

"किती दिस जानार?" ज्योतिबानं विचारलं.

"तिची शाळा हुईस्तवर," ती म्हणाली.

त्यानं हुज्जत घातली नाही. सकाळी त्या निघाल्या तेव्हा तो धुतलेलं धोतर नेसून, पटका बांधून तयार होता. ट्रंक डोक्यावर घ्यायला गेला, पण पायानं साथ दिली नाही. ठकुबाईनं ट्रंक काढून आपल्या डोक्यावर घेतली. तो काठी टेकत मागून चालत राहिला. शाळेवरून जाताना आतून पोरं एका सुरात इंग्रजी म्हणत होती. नीला तिकडं वळून बघायला लागली, तेव्हा ठकुबाई तिला रागावली नाही. "बघ," म्हणाली. "नीट बघून घे."

मोठ्या रस्त्याला बस आली. नीला चढली, ठकुबाईनं ट्रंक आत ढकलली आणि चढली. ज्योतिबानं दाराची दांडी धरली. एक पाय पायरीवर ठेवला. त्याच्या खांद्याला गाठोडं होतं, ते तिनं वाटभर पाहिलं नव्हतं.

कंडक्टरनं तिकिटांचा गठ्ठा काढला. "एष्टु जना? किती माणसं?"

"एक आख्खं," ठकुबाई म्हणाली, "एक अर्धं. बळेपेट."

"आणि हे?"

ठकुबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. त्याच्या कपाळावरचा घाम पटक्याखालून ओघळत होता. तिला तो पुसावासा वाटला, आणि तसं वाटल्याचाच राग आला.

"ते हितलेच हाईत," ती म्हणाली.

कंडक्टरनं घंटी ओढली. ज्योतिबानं पाय खाली घेतला, पण हात दांडीलाच राहिला. गाडी हलली तेव्हा दोन पावलं तिच्याबरोबर लंगडत गेला, आणि मग त्यानं दांडी सोडली.